टॉवेलवाला आणि त्याचा पार्टनर

मे महिना लागला की आमच्या निगडीच्या सोसायटीतली मुलं एकेक करून गावाला निघून जातात आणि दुपारच्या वेळी जिन्यात कुणाच्याही चपला वाजेनाशा होतात. मी गॅलरीचं दार लावून घेते, पंखा पाचावर करते आणि पडून राहते. झोप येईलच असं नसतं. या वयात दुपारची झोपसुद्धा उपकार केल्यासारखी येते. परवा अशीच पडले होते, तर खालच्या घरातल्या टीव्हीचा आवाज वर येत होता. कुणीतरी उडत होतं, काहीतरी कोसळत होतं, इंग्रजीत आरडाओरडा चालला होता, आणि मला एकदम टॉवेलवाला आठवला.

टॉवेलवाला म्हणजे माझ्या लहानपणीचा चित्रांच्या पुस्तकातला हिरो. त्याचं खरं नाव आम्हाला कधीच कळलं नाही, कारण पुस्तकं रद्दीतून यायची आणि त्यांची पहिली पानं हमखास फाटलेली असायची. अंगाला घट्ट बसलेला हिरवा पोशाख, गुडघ्यापर्यंत बूट आणि मानेपासून पाठीवर सोडलेलं पिवळं फडकं. पाठीवर असं फडकं सोडलेली माणसं आम्ही पाहिली होती ती फक्त चाळीच्या नळावर, पहिल्या पाळीच्या आधी घाईघाईनं आंघोळ उरकताना. म्हणून तो टॉवेलवाला. आंघोळ अर्धी राहिली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तसाच निघालाय, असंच त्याच्याकडे बघून वाटायचं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. आम्ही चिंचवड स्टेशनच्या अंगाला एका पत्र्याच्या चाळीत राहायचो. एप्रिलात जयंतीसाठी लावलेल्या निळ्या पताका मे महिन्यापर्यंत उन्हानं पांढुरक्या होऊन तिथंच फडफडत असायच्या. माझे वडील, अण्णा, इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होते. आई औषधांच्या कारखान्यात, बाटल्यांना लेबलं लावायच्या विभागात. दोघंही उस्मानाबादकडून आलेली. आणि घरात तिसरी मी, एकटीच.

अण्णांची पहिली पाळी असली की आईची दुसरी. पुढच्या आठवड्यात उलट. कारखान्यांच्या सुट्ट्याही तेव्हा वेगवेगळ्या दिवशी असायच्या, सगळ्यांनी एकदम वीज ओढू नये म्हणून. अण्णांची सुट्टी गुरुवारची, आईची रविवारची, आणि ज्याची सुट्टी असे तो दुसरं घरी असण्याच्या वेळेला काहीतरी काम काढून बाहेर गेलेला असे. रात्री दोघं घरात असत, पण तेव्हा एकाला झोप लागलेली असे आणि दुसऱ्यानं दबक्या पावलांनी येऊन झाकलेलं ताट उघडलेलं असे. घरात कोण आहे ते मला डोळे मिटून वासावरून कळायचं. आईच्या पातळाला औषधांचा आंबूस वास यायचा, अण्णांच्या सदऱ्याला मशीनच्या तेलाचा. मी जागी असताना दोन्ही वास एकदम आल्याचं मला आठवत नाही.

"तू येकटी पडू नये म्हणून गं," आई म्हणायची. "येक जण तरी घरात पायजे का न्हाई?"

मला हे पटायचं. म्हणजे डोक्याला पटायचं. शेजारच्या पोरी आई-बाप दोघं कामाला गेले की कुलपाबाहेर बसून राहायच्या, त्यापेक्षा मी बरी होते. पण त्या सबंध उन्हाळ्यात मला काय हवं आहे असं कुणी विचारलं असतं तर मी एकच सांगितलं असतं. एकदा तिघांनी एकत्र बसून जेवायचं. आईनं वाढायचं, अण्णांनी काहीतरी बोलायचं, आणि मी नुसतं दोघांकडे बघत खायचं. फार मोठं मागणं नव्हतं. चाळीत इतर घरी ते रोज चाललेलं दिसायचं, दारं उघडीच असायची.

दुपारी एक पालक निघून दुसरा यायचा, त्या मधल्या वेळात मी शेजारच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे. ती खोली एकट्या राहणाऱ्या कामगारांची. माणसं खाटांच्या दुप्पट. ज्याची पाळी सुटली तो येऊन, ज्याची पाळी लागली त्याच्या खाटेवर आडवा व्हायचा. खाट कधी गार पडायची नाही. आधी झोपून गेलेल्याच्या अंगाची ऊब गोधडीत असतानाच पुढचा तिच्यात शिरायचा. त्या खोलीत विश्रामभाऊ राहायचा, कणकवलीकडचा. त्याची कायम रात्रपाळी, त्यामुळे दुपारी तो उठून चहा करत असायचा. त्याच्या खाटेचा पार्टनर लातूरकडचा कुणीतरी दिवसपाळीवाला होता. वर्षभर दोघं एकाच उशीवर डोकं टेकत होते, आणि बोलणं झालं असेल ते दारात एकमेकांना वाट देताना.

"माका त्याचो चेहरोच नीट आठवत नाय गो," विश्रामभाऊ मला सांगायचा. "उशीक त्याच्या तेलाचो वास येता. तितकीच वळख."

ही पुस्तकं आणायचा तोच. त्याला सुपरवायझर व्हायचं होतं, आणि सुपरवायझरला इंग्रजी लागतं असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. पिंपरी कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडून तो चित्रांची पुस्तकं आणायचा, कारण नुसत्या अक्षरांचं पुस्तक बघितलं की त्याला झोप यायची. मग उंबऱ्यावर तो एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मध्ये पुस्तक आणि बशीतला चहा. इंग्रजी मला येत नव्हतं, त्याला येतंय असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. तो बोट ठेवून एखादा शब्द वाचायचा, मान हलवायचा आणि पान उलटायचा. पुस्तकातली सगळी अक्षरं मोठ्या लिपीतली होती आणि जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह होतं. त्यावरून विश्रामभाऊनं निष्कर्ष काढला होता की ही सगळी माणसं कारखान्यात मोठ्या मशीनवर काम केलेली असणार, कानानं गेलेली.

तर अशा या वाचनातून आम्ही एक मोठी चूक केली, आणि ती चूक मला आजही अभिमानानं सांगावीशी वाटते. टॉवेलवाल्याच्या गोष्टीत आणखी एक माणूस असायचा. चष्मेवाला, कोटवाला, कुठल्याशा कचेरीत टेबलाशी बसून काम करणारा, भिडस्त. तो आणि टॉवेलवाला एकच आहेत हे त्या पुस्तकात शेंबड्या पोरालाही कळत असणार. आम्हाला कळलं नाही. आम्हाला वाटलं, हे दोघं रूम-पार्टनर आहेत. एकाची दिवसपाळी, एकाची रात्रपाळी, खोली एक, खाट एक. म्हणूनच तर दोघं एका चौकटीत कधी दिसत नाहीत.

एकदा हे धरलं की बाकी सगळं कसं बरोबर बसायचं. चष्मेवाला कोट-टोपी गल्लीत टाकून जायचा, आणि पुढच्या पानावर ते कपडे तिथं नसायचे. अर्थात पार्टनरनं उचलून नेले असणार. चष्मेवाला कचेरीतून भर कामात उठून नाहीसा व्हायचा, ना गेटपास, ना अर्ध्या दिवसाची रजा. त्याचं हजेरीचं कार्ड कोण पंच करतं हा आमच्यापुढचा मोठा प्रश्न होता.

"दुसरो कोण करतलो," विश्रामभाऊ म्हणाला. "पार्टनर कित्याक असता?"

दुसऱ्याचं कार्ड पंच करणं हा कारखान्यात नोकरी जाण्याइतका गुन्हा होता. त्यामुळे टॉवेलवाल्याबद्दलचा माझा आदर फार वाढला. इमारती उचलणं, आगगाड्या थांबवणं ही त्याच्या ताकदीची गोष्ट होती. पण मित्रासाठी कार्ड पंच करायला छाती लागते.

गमती तर पानोपानी होत्या. छपाईत रंग रेषेबाहेर घसरलेला असायचा, त्यामुळे ओठांचा लाल रंग गालावर आणि टॉवेलचा पिवळा आभाळात. एका पुस्तकात शहराची अर्धी घरं पडायची, पुढच्या पुस्तकात सगळी जागच्या जागी उभी. मधल्या काळात गवंडी कधी आले, वाळू कुठून आणली, काही नाही. छातीवर गोळ्या आपटून खाली पडायच्या तेव्हा हा कमरेवर हात ठेवून हसायचा, आणि गोळ्या संपल्यावर चोरानं रिकामं पिस्तूल फेकून मारलं की मात्र खाली वाकायचा. कचेरीतली टायपिस्ट बाई दर अंकात खिडकीतून पडायची. अण्णांना मी ते दाखवलं तेव्हा त्यांनी बराच वेळ चित्र बघितलं आणि म्हणाले, "गज बसवून घ्यावं की खिडकीला." दुष्ट माणूस हिरोला खुर्चीला बांधून आपला सगळा बेत पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून सांगायचा. त्यावर अण्णा म्हणाले, "चांगला हाय की बिचारा. आमाला तर कुणी कायच सांगत न्हाई." आणि विजारीवरून घातलेल्या चड्डीबद्दल आईचं मत असं की बरोबर आहे, वरचं तेवढं मळतं, तेवढंच धुवायचं.

दोघांची ही मतं मला वेगवेगळ्या दिवशी मिळाली हे सांगायला नको. अण्णांचं आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता किंचित हसली. आईचं अण्णांना सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. मला तेवढंही पुरायचं. इकडचं हसू तिकडे पोचवायचं काम आपल्याकडे आहे असं मला वाटायचं आणि मी ते मन लावून करायचे.

सगळ्यात विचित्र असायचे शेवटच्या पानाच्या आधीचे खुलासे. टॉवेलवाला कधीकधी त्या टायपिस्ट बाईशी फार वाईट वागायचा. तिला बर्फात सोडून जायचा, तिच्याकडे पाठ करून उभा राहायचा, ती रडत असायची. आणि शेवटी कळायचं, म्हणजे विश्रामभाऊला कळल्यासारखं वाटायचं, की हे सगळं त्यानं तिच्या भल्यासाठी केलं. तिच्या जिवाला धोका होता म्हणून. मग ती डोळे पुसून हसायची. मला तेव्हाही वाटायचं की हिला कुणी काही विचारत का नाही. पण भल्यासाठी म्हटल्यावर पुढं बोलायला जागाच उरत नाही.

मी वाट बघत होते ती एका गोष्टीची. कधीतरी एका पुस्तकात हे दोन पार्टनर भेटतील. एकाला सुट्टी पडेल, दुसऱ्याचा कारखाना बंद असेल, आणि चष्मेवाला दार उघडून आत येईल तर टॉवेलवाला खाटेवर बसलेला असेल. मग दोघं काय बोलतील ते मी मनातल्या मनात पुष्कळदा बोलून बघितलं होतं. विश्रामभाऊनं नवीन पुस्तक आणलं की मी आधी शेवटचं पान बघायचे. ते बहुतेक वेळा फाटलेलं असायचं, आणि म्हणून माझी आशा टिकून होती.

एका दुपारी विश्रामभाऊनं उंबऱ्यावर बसल्या बसल्या एक पुस्तक माझ्यापुढं उघडून ठेवलं. त्या पुस्तकात एक चित्र होतं. चष्मेवाला अर्धा कोट काढतोय आणि कोटाच्या आत हिरवा पोशाख.

"ही दोन माणसां नाय गो," तो म्हणाला. "एकच हा तो. आपण उगाच."

मी रडले. विश्रामभाऊला कळेना काय झालं. तो म्हणाला, अगो, बरंच झालं की, एकटाच दोघांचं काम करतो. मला त्याला सांगता आलं नाही की दोघं असते तर कधीतरी भेटले असते. एकटा माणूस कुणाला भेटणार? त्यानंतर ती पुस्तकं मी वाचली, नाही असं नाही. पण तो उडाला की मला त्याची रिकामी खोली दिसायची, आणि ती खाट, जिच्यावर दुसरं कुणी झोपून गेलेलं नव्हतं.

त्याच मे महिन्यात धरणं आटली आणि वीजकपात आली. कारखान्यांनी दुसरी पाळी बंद केली, सगळ्यांना दिवसपाळी. संध्याकाळी भोंगा झाला की अख्खी चाळ एकदम भरायची. अण्णाही आले आणि आईही आली. घरात दोन्ही वास एकदम आले.

मी तीन ताटं मांडली. पाण्याचे तीन पेले भरले. आई चुलीशी होती, अण्णा भिंतीला टेकून बसले. मी दोघांच्या मध्ये. आणि मी वाट बघायला लागले.

"अण्णांना इचार, अजून भाकर घालू का," आई मला म्हणाली.

अण्णा तिच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मी विचारलं. "बस म्हणावं," अण्णा मला म्हणाले. मी आईला सांगितलं. मग अण्णा म्हणाले, "आईला सांग, उद्या नळाला पाणी न्हाई." मी सांगितलं. दोघंही माझ्याशी बोलत तेव्हा माझ्याकडे बघत, आणि एकमेकांकडे बघायची वेळ आली की भिंतीकडे.

इतके दिवस मी निरोप पोचवत होते ते मधे पाळी होती म्हणून, असं मी धरून चालले होते. आता पाळी नव्हती. निरोप तसेच होते. दुसऱ्या दिवशी तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. अण्णा जेवून लगेच विश्रामभाऊच्या खोलीकडे जाऊन बसायला लागले. आई एका रविवारी दिघीला मावशीकडे गेली ती अंधार पडल्यावर आली. भांडण नव्हतं. शेजारी कडाकडा भांडायचे आणि तासाभरानं एका ताटात जेवायचे, तसं काही आमच्याकडे कधी झालं नाही. त्यांच्यात काय बिनसलं होतं, कधी बिनसलं होतं, मी जन्मायच्या आधी की नंतर, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी मोठी झाले, नोकरीला लागले, दोघांची दुखणी काढली, दोघांना पोचवून आले. विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही आता वाटत नाही. एकमेकांसाठी ताट झाकून ठेवणं त्यांनी कधी चुकवलं नाही, आणि त्या ताटात माया नव्हती असं मी म्हणणार नाही. पण इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मला दिसली नव्हती. नुसता चष्मा घातला म्हणून माणूस ओळखू न येणाऱ्या त्या शहराला मी नंतर हसायला लागले होते, आणि माझी गत काय वेगळी होती?

महिना संपता संपता वीज येणार अशी बातमी आली. त्या संध्याकाळी जेवताना अण्णांनी घसा साफ केला.

"आईला सांग," ते मला म्हणाले, "पुढल्या आठवड्यापासनं पाळ्या चालू व्हनार. औंदा पाळी मागून घेता येती म्हणत्यात. नवराबायकू दोगं कामाला आसतील तर, कारखानं येगळं आसलं तरी, दोगांची येकच पाळी जुळवून द्यायला तयार हायत."

मला सांगायची गरज नव्हती, आईनं ऐकलं होतं. तिचा हात पिठात थांबला. अण्णा ताटातल्या कालवणात बोट फिरवत राहिले. हवं ते मागून घ्या, असं आयुष्यात पहिल्यांदा कारखाना म्हणत होता. नको कसं म्हणणार? कुठल्या कारणानं म्हणणार? मी एकदा आईकडे बघितलं, एकदा अण्णांकडे. दोघंही इतकी थकलेली दिसत होती की मला त्यांची फार दया आली. त्या महिनाभरात मला भीती अशी एकदाही वाटली नव्हती. दिवसभर मी चाळभर हुंदडत होते.

"मला नको," मी म्हणाले. "दिवसभर एकटीला भीती वाटते. तुम्ही पहिल्यासारखंच करा. एक जण घरात राहा."

अण्णांनी मान वर केली आणि आईकडे बघितलं. भिंतीकडे नाही, आईकडे.

"पोरगी भ्याली म्हणतीया," ते तिला म्हणाले.

"व्हय," आई म्हणाली. "ल्हान हाय अजून."

"मग सांगतो तसं सायबाला."

"सांगा."

मला मध्ये न घेता ती दोघं एकमेकांशी बोललेली मी ऐकली ती तेवढीच. आईनं अण्णांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली, अण्णांनी ती खाल्ली, आणि आम्ही तिघांनी जेवण उरकलं.